लोकांना बोलतं करणारे गाडगेबाबा

आपला महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम असे थोर संत इथे होऊन गेले. त्यांनी अभंग रचले. पण एक संत असे होते की त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांचं बोलणं ऐकायला हजारो माणसं जमत. ते म्हणजे आपले संत गाडगेबाबा. त्यांचा खराटा सगळ्यांना माहीत आहे. मी आज त्यांच्या बोलण्याची गोष्ट सांगणार आहे.

गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे परीट घराण्यात झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे नाव सखुबाई. वडिलांना दारूचे व्यसन लागले आणि त्यातच ते वारले. डेबूजी तेव्हा फार लहान होता. आई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गावी आपल्या माहेरी गेली. तिथे डेबूजी मामाची गुरं राखायचा, शेतात राबायचा. त्याला शाळेत जायला मिळालं नाही. मामालाही वाचता येत नव्हतं. सावकाराने कागद केले आणि मामाची जमीन गेली. हे सगळं डेबूजीने डोळ्यांनी पाहिलं. दारू काय करते, कर्ज काय करते आणि अक्षर नसलं तर काय होतं, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. ते त्याच्या घरातच घडलं.

पुढे डेबूजीचे लग्न झाले. बायकोचे नाव कुंताबाई. त्यांना मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीतले लोक जमले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारू द्यायची होती. पण डेबूजीने सगळ्यांना गोड जेवण वाढले. लोक रागावले, पण त्याने ऐकलं नाही.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा कपडा, हातात खराटा आणि एक फुटकं मडकं. त्याच मडक्यात ते भाकरी खायचे. मडक्याला गाडगं म्हणतात, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की आधी बोलायचे नाहीत. आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. लोकांना वाटायचं, हा कोण वेडा आला? मग हळूहळू लोकही झाडायला लागायचे. दिवसभर गाव स्वच्छ झालं की रात्री बाबांचं कीर्तन. माणूस आधी काम करतो आणि मग सांगतो, म्हणून लोक त्यांचं ऐकायचे.

त्यांचं कीर्तन इतरांसारखं नव्हतं. अवघड शब्द नाहीत, संस्कृत श्लोक नाहीत. आपल्या आजी-आजोबांच्या वऱ्हाडी बोलीत ते बोलायचे. आणि बाबा एकटेच बोलायचे नाहीत, ते लोकांना प्रश्न विचारायचे. देव किती आहेत, असं विचारलं की सगळे लोक म्हणायचे, एक. मग बाबा विचारायचे की तुमच्या गावात खंडोबा आहे का? लोक म्हणायचे, आहे. मारुती आहे का? आहे. मरीआई आहे का? तीपण आहे. मग बाबा पुन्हा विचारायचे, आता देव किती झाले? सगळे लोक हसायचे. हसता हसता त्यांना आपली चूक कळायची. बाबांनी कोणाला मूर्ख म्हटलं नाही. लोकांनी आपल्याच तोंडाने उत्तर दिलं, म्हणून ते त्यांच्या मनात राहिलं.

असंच ते विचारत विचारत सांगायचे की देवासाठी बकरं कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, लग्नासाठी कर्ज काढू नका. जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला, असंही ते सांगत. मध्येच गोपाला गोपाला असं भजन सुरू करायचे, मग दमलेली माणसं पुन्हा ताजी व्हायची.

लोक पैसे द्यायचे. त्यातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला दिली. बाबांनी कोणाला शिष्य केलं नाही आणि पाया पडू दिलं नाही. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या आत्याचं लग्न ठरलं. घरी मोठा मांडव आणि बॅण्ड सांगायचं चाललं होतं. त्यासाठी कर्ज काढणार होते. मी बाबांना म्हटलं की कर्ज काढणं वाईट असतं. बाबा म्हणाले की तू तुझा अभ्यास कर. मग मला गाडगेबाबांची आठवण झाली. रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा मी विचारलं की काकाच्या लग्नात भाजी कोणती होती? कोणालाच आठवेना. बॅण्डवाल्यांनी कोणतं गाणं वाजवलं? तेही आठवेना. मग मी विचारलं, त्या लग्नाचं कर्ज किती राहिलं आहे? ते मात्र बाबांना बरोबर आठवलं. आईलापण आठवलं. मग कोणीच बोललं नाही. मला वाटलं, आता मार बसतो. पण बाबा गुपचूप जेवले. दोन दिवसांनी त्यांनी बॅण्ड रद्द केला आणि मांडव लहान सांगितला. थोडं कर्ज घ्यावंच लागलं, पण आधी ठरलं होतं त्याच्यापेक्षा खूप कमी.

म्हणून मित्रांनो, मोठ्याने बोललं म्हणजे लोक ऐकतात असं नाही. आधी आपण करावं, मग साध्या भाषेत सांगावं आणि समोरच्यालापण बोलू द्यावं. आणि हे वाचणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की घरात मुलांनी प्रश्न विचारला तर रागावू नका, उत्तर द्या.

अशा या थोर संताला माझे कोटी कोटी प्रणाम!

इयत्ता चौथी