बालोद्यानाचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल

मूल खेळूं लागलें म्हणजे तें कांहींच करीत नाहीं, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ आईबापांची असते. हातीं पाटी आली, अक्षरें गिरवूं लागलें, म्हणजे मात्र शिक्षण सुरू झालें असें तीं मानतात. या समजुतीला ज्या पुरुषानें आपल्या सबंध आयुष्यानें उत्तर दिलें, व तें देतां देतां ज्याच्यावर नास्तिकपणाचा आळही आला, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

फ्रोबेल यांचा जन्म ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनींतील थुरिंजियाच्या डोंगराळ मुलुखांत, ओबरवाइसबाख या गांवीं झाला. वडील लूथरन मंडळीचे पाळक होते. अनेक गांवांत विखुरलेल्या मोठ्या मंडळीची सेवा त्यांजकडे असल्यामुळें घराकडे पाहण्यास त्यांस सवड नसे. बाळ नऊ महिन्यांचें असतां आई वारली. पुढें सावत्र आई आली. प्रथम तिनें त्याला मायेनें वागविलें, परंतु तिला स्वतःचा मुलगा होतांच ती माया आटली. वडिलांनीं त्याला वाचावयास शिकविलें खरें. पण त्यास तें लवकर येईना, म्हणून हा मुलगा मंदबुद्धीचा आहे असें त्यांचें मत बनलें, व त्यांनीं त्याला गांवांतील मुलींच्या शाळेंत घातलें. घराजवळची बाग व तींतील फुलझाडें हेच त्या एकाकी मुलाचे सोबती. ज्या घरांत नित्य प्रार्थना होत असे, त्याच घरांत एक मूल प्रेमावांचून वाढत होतें, ही गोष्ट आम्हां पाळकांनीं तरी विसरूं नये.

वयाच्या दहाव्या वर्षीं मामांनीं त्याला स्टाटइल्म या गांवीं आपल्या घरीं नेलें. मामाही धर्मोपदेशकच होते; परंतु त्यांच्या घरांत विश्वास व मोकळीक होती. तेथें शाळाही चांगली मिळाली, आणि समवयस्क मुलांबरोबर मनसोक्त खेळावयासही मिळालें. पंधराव्या वर्षीं एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी करण्यास त्याला पाठविलें. त्या गृहस्थास शिकविण्यास वेळ नसे. म्हणून मुलानें पुस्तकें मिळवून वनस्पतींचा व गणिताचा अभ्यास स्वतःच चालविला. १७९९ सालीं तो येना येथील विद्यापीठांत गेला, पण कर्जापायीं त्याला सुमारें नऊ आठवडे विद्यापीठाच्या तुरुंगांत काढावे लागले, व शिक्षण अर्धवट राहिलें. यानंतर कांहीं वर्षें या नोकरींतून त्या नोकरींत जाण्यांत गेलीं.

१८०५ सालीं फ्रोबेल इमारतींच्या बांधकामाची विद्या शिकण्यासाठीं फ्रांकफुर्ट शहरीं गेले. तेथें ग्रूनर नांवाच्या एका मुख्याध्यापकांनीं त्यांस आपल्या शाळेंत शिक्षकाची जागा देऊं केली. फ्रोबेल वर्गांत उभे राहिले मात्र, आणि पाण्याबाहेर तडफडणाऱ्या मासोळीस पुन्हा पाणी मिळावें तसें त्यांस झालें. दगडविटांचीं घरें बांधण्याचा बेत तेथेंच सुटला. पुढें १८०८ ते १८१० हीं दोन वर्षें ते आपल्या तीन विद्यार्थ्यांसह स्वित्झर्लंडांत यवेर्दों येथें थोर शिक्षक पेस्टालोझी यांच्यापाशीं राहिले. पाठांतरापेक्षां प्रत्यक्ष वस्तु पाहून व हाताळून मूल अधिक शिकतें, हें तेथें त्यांनीं पाहिलें. तरी मूल शाळेंत येण्यापूर्वींच्या वर्षांची व्यवस्था कोणी लाविलेली नाहीं, ही उणीवही त्यांच्या मनांत राहिली.

१८१३ सालीं नेपोलियनविरुद्धच्या लढाईंत ते स्वयंसेवक म्हणून गेले. तेथें लांगेथाल व मिडेनडोर्फ या ईश्वरविद्येच्या दोन विद्यार्थ्यांशीं त्यांची जी मैत्री जडली, ती त्यांच्या पुढील कार्याचा आधार झाली. युद्धानंतर बर्लिनच्या खनिजसंग्रहालयांत त्यांस चांगली जागा मिळाली होती. परंतु त्यांचे एक वडील बंधु, हेही पाळकच, आजारी सैनिकांची शुश्रूषा करतां करतां साथीच्या तापानें वारले होते, व त्यांचीं मुलें पोरकीं झालीं होतीं. फ्रोबेल यांनीं नोकरी सोडली, आणि १८१६ सालीं ग्रीसहाइम या खेड्यांत पांच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. दुसऱ्याच वर्षीं ती काइलहाउ येथें गेली व दोघे मित्र तेथें येऊन मिळाले. पैशाची चणचण कधींच सरली नाहीं. १८२६ सालीं त्यांनीं मनुष्याच्या शिक्षणाविषयीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. खेळ ही लहान मुलाच्या वाढीची सर्वांत उंच पायरी आहे. बीजांत जसें झाड, तसा मुलाच्या खेळांत पुढचा मनुष्य दडलेला असतो. असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें.

पुढें कांहीं वर्षें त्यांनीं स्वित्झर्लंडांत काम केलें. बुर्गडोर्फ येथील अनाथालयाचा कारभार पाहतांना त्यांची खात्री झाली कीं, मुलाचा पाया शाळेच्या वयापूर्वींच घडतो किंवा बिघडतो. म्हणून पन्नाशी उलटल्यावर, जेव्हां इतर लोक विसाव्याची वाट पाहतात, तेव्हां त्यांनीं आपलें खरें कार्य हातीं घेतलें. १८३७ सालीं बाट ब्लांकेनबुर्ग या गांवीं त्यांनीं अगदीं लहान मुलांसाठीं खेळण्यांची संस्था काढली. तिला नांव कोणतें द्यावें हें त्यांस पुष्कळ दिवस सुचेना. एकदां मित्रांसह डोंगरवाटेनें जात असतां खालीं पसरलेलें खोरें एखाद्या बागेसारखें दिसलें, व त्यांस तें नांव सांपडलें: किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. ता. २८ जून १८४० रोजीं, गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या चारशेंव्या वर्षाचा उत्सव चालला असतां, बालोद्यानाची रीतसर स्थापना झाली.

त्यांनीं तयार केलेल्या खेळण्यांना ते देणग्या म्हणत. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दोरीला बांधलेला चेंडू जवळ येतो, दूर जातो, मुठींत लपतो, पुन्हा दिसतो. तेवढ्यानें मूल रंग, दिशा व गति यांची ओळख करून घेतें. दुसरींत लांकडाचा गोल, नळकांडें व घन. गोल घरंगळतो, घन बसून राहतो, नळकांडें दोन्हीं करतें. तिसरींत एक घन आठ लहान घनांत विभागलेला. त्याचा जिना करावा, खुर्ची करावी, भिंत करावी, आणि शेवटीं सारे तुकडे पेटींत ठेवून पुन्हा एक अखंड घन करावा. अशा रीतीनें अंश व पूर्ण यांचा संबंध, जो पुढें गणितांत मोठ्या मुलांनाही जड जातो, तो चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना आधींच कळूं लागतो. याखेरीज कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम, मातीकाम, गाणीं व फेर धरून खेळावयाचे खेळ होते. बागेंत प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक लहानसा वाफा असे, व सर्वांच्या मालकीचे सामाईक वाफेही असत. आपलें राखावें व सर्वांचेंही जपावें, हा धडा तेथें उपदेशावांचून मिळे.

हें काम स्त्रियाच उत्तम करूं शकतील असें फ्रोबेल यांचें मत होतें. स्त्रियांना शिक्षिकेचा पेशा क्वचितच मोकळा होता अशा काळांत त्यांनीं तरुण स्त्रियांसाठीं शिक्षणवर्ग काढले. १८४९ सालीं ते बाट लीबेनश्टाइन येथें आले, तेव्हां केस पांढरे झालेला हा मनुष्य शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर टेकडीवर फेर धरून नाचतो, हें पाहून लोक त्यांस वेडा म्हातारा म्हणत. मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यांतील बाईंनीं ही थट्टा ऐकली व त्या मुद्दाम पाहावयास गेल्या. पाहून त्या जन्मभर त्यांच्या कार्याच्या पुरस्कर्त्या झाल्या.

परंतु थट्टेहून मोठा घाव पुढें होता. ता. ७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. तीं नास्तिक्य व समाजवाद यांचा प्रसार करतात, असा आरोप होता. फ्रोबेल यांच्या कार्ल नांवाच्या पुतण्यानें एक पुस्तिका लिहिली होती, व तिचा दोष चुलत्याच्या माथीं बसला. फ्रोबेल यांनीं खुलासा केला, खुद्द राजाकडे अर्ज केला. कांहीं उपयोग झाला नाहीं. सृष्टि, मनुष्य व ईश्वर यांचें ऐक्य हा ज्यांच्या विचारांचा कणा, त्यांच्यावरच देव न मानल्याचा आळ यावा, यापरतें दुःख कोणतें? १८५२ सालीं गोथा येथील शिक्षकपरिषदेंत ते आले तेव्हां सारी सभा उठून उभी राहिली, एवढें समाधान त्यांस मिळालें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ता. २१ जून १८५२ रोजीं, मारीएनटाल येथें त्यांचा अंत झाला. बंदी तेव्हां कायमच होती. ती उठली १८६० सालीं.

श्वाइना गांवच्या दफनभूमींत त्यांच्या कबरेवर घन, त्यावर नळकांडें व त्यावर गोल, असा दगड उभारलेला आहे. खरें स्मारक मात्र जगभर पसरलें. १८५६ सालीं अमेरिकेंत वॉटरटाउन येथें पहिलें जर्मन बालोद्यान निघालें. पुढें अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाई यांनीं फिलाडेल्फिया येथें ही पद्धति शिकून घेतली, व १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें तेव्हां तें ज्ञान त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें मोंटेसोरीबाईंच्या मार्गानें जें बालशिक्षणाचें काम मांडलें व मुलांच्या अंगणांतच शाळा नेली, त्याच्याही मुळाशीं मुलाच्या स्वयंस्फूर्तीवरील हाच विश्वास आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्रोबेल यांच्या पश्चात् कित्येक ठिकाणीं शिक्षिकांनीं त्या देणग्यांची कवाईत करून टाकली. सर्वांनीं एकाच वेळीं एकच तुकडा उचलावयाचा व एकच आकृति करावयाची. चेंडू राहिला आणि खेळ गेला. यावरून समजावें कीं, महत्त्व लांकडी पेटीचें नाहीं. मुलाला आपण होऊन करूं देण्याचें आहे.

म्हणून, वाचकहो, पैसे नाहींत अशी सबब येथें चालावयाची नाहीं. ओली माती, चिंचोके, ज्वारीचीं ताटें, नदींतले गोटे व परसांतील हातभर वाफा ह्या देणग्या प्रत्येक खेड्यांत फुकट आहेत. चिंचोक्यांच्या राशी मांडणारें मूल मोजीत असतें. भातुकली मांडणारी मुलगी वांटून देण्यास शिकत असते. तीं काय करितात तें थोडा वेळ जवळ बसून पाहावें, विचारलें तर सांगावें, आणि अवेळीं हांक मारून त्यांचा मांडलेला डाव मोडूं नये.