अंध कवयित्री फॅनी क्रॉस्बी : निवासी शाळेने घडविलेले जीवन

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गरिबाघरच्या अंध मुलांच्या वाट्याला बहुधा परावलंबी आयुष्यच येई. अशा काळात एका विधवा मोलकरणीची अंध मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि आठ हजारांहून अधिक ख्रिस्ती भक्तिगीते रचून गेली. तिचे नाव फॅनी क्रॉस्बी.

24 मार्च 1820 रोजी न्यू यॉर्क राज्यातील साउथईस्ट या गावी तिचा जन्म झाला. अवघ्या सहा आठवड्यांची असताना तिचे डोळे आले. वैद्य म्हणविणाऱ्या एका इसमाने डोळ्यांवर मोहरीचा लेप लावला आणि त्यामुळेच दृष्टी गेली, अशी कुटुंबाची कायमची समजूत होती. वर्ष सरण्यापूर्वीच वडील वारले. आई लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि नातीला वाढविण्याचा भार आजीने उचलला. फुले, पाखरे, मावळतीचे रंग आजीने तिला शब्दांतून दाखविले. बायबलचे अध्यायच्या अध्याय तिने मुखोद्गत केले. आठव्या वर्षी तिने पहिली कविता रचली.

1835 मध्ये न्यू यॉर्क शहरातील अंधांच्या निवासी शाळेत तिला प्रवेश मिळाला. ती शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. घरापासून दूर आलेली ही मुलगी तेथे रमली आणि शाळेची कवयित्री म्हणून ओळखली जाऊ लागली. 1844 मध्ये तिचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच दशकात अंधांच्या शिक्षणाला शासनाने आश्रय द्यावा, या मागणीसाठी शाळेतील मंडळींसह वॉशिंग्टनला जाऊन तिने लोकप्रतिनिधींसमोर काव्यवाचन केले.

1847 पासून विद्यार्थिनी फॅनी त्याच शाळेत क्रॉस्बीबाई झाल्या. व्याकरण, अलंकारशास्त्र आणि इतिहास हे त्यांचे विषय. 1849 मध्ये शहरात पटकीची साथ पसरली, तेव्हा शाळा सोडून न जाता त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. 1858 मध्ये अंध संगीतज्ञ अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकुलते अपत्य तान्हेपणीच दगावले.

1864 पासून त्या प्रामुख्याने भक्तिगीते रचू लागल्या. संपूर्ण गीत मनात जुळवायचे आणि मग लेखनिकाला सांगायचे, ही त्यांची पद्धत होती. एका गीताचे मोल एक-दोन डॉलर मिळे; गीतसंग्रहांच्या विक्रीचा लाभ मात्र प्रकाशकांकडे जाई. एकाच कवयित्रीची इतकी गीते दिसू नयेत म्हणून कित्येक गीते टोपणनावांनी छापली गेली. मिळालेल्या पैशातूनही त्या गरजूंना देत राहिल्या. मॅनहॅटनच्या गरीब वस्त्यांत त्या स्वतः राहिल्या आणि बेघर, व्यसनाधीन माणसांसाठी चाललेल्या सेवाकेंद्रांत उतारवयातही जात राहिल्या. 12 फेब्रुवारी 1915 रोजी ब्रिजपोर्ट येथे, वयाच्या चौऱ्याण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काव्याची देणगी फॅनीपाशी आठव्या वर्षीच होती; परंतु निवासी शाळेचे दार उघडले नसते, तर ती गावातच विरून गेली असती. अशा किती मुलामुलींची नावे इतिहासात आलीच नाहीत, याची गणती कोणी ठेवलेली नाही. वसतिगृहातील एकेका जागेचे मोल म्हणूनच मोठे आहे. शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि मुलीला दूर धाडताना कचरणाऱ्या पालकांनी या चरित्रातून एवढे जरूर ध्यानी घ्यावे.