बहिणीचा मेंदू आणि अर्धवट राहिलेला स्वयंपाक: डॉ. वाइल्डर पेनफील्ड

मेंदूचं ऑपरेशन चालू आहे आणि पेशंट टक्क जागा राहून डॉक्टरांशी गप्पा मारतोय, असा एखादा व्हिडिओ तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल. हे तंत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते म्हणजे डॉ. वाइल्डर पेनफील्ड. आज त्यांच्याबद्दल बोलूया, आणि त्यातही 1928 सालच्या एका डिसेंबरबद्दल.

पेनफील्ड यांचा जन्म 1891 चा, अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातला. शिक्षण प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये. 1924 साली ते स्पेनमध्ये माद्रिदला गेले ते एक रंगवण्याची पद्धत शिकायला! मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला तर नुसता पाहून फारसं काही कळत नाही. त्याला चांदीच्या क्षारांनी रंगवलं की ठरावीक पेशी काळ्या होऊन उठून दिसतात. तिथे त्यांनी ज्या पेशींचा बारकाईने अभ्यास केला त्यांचं नाव ऑलिगोडेंड्रोग्लिया. वायरवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या या पेशी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जागेपणी ऑपरेशन करायचं ते जर्मनीत फोर्स्टर यांच्याकडे शिकले आणि 1928 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला रुजू झाले. नव्या गावात जेमतेम बस्तान बसतंय, तोच कॅलिफोर्नियाहून आईसोबत थोरली बहीण रूथ आली. सहा मुलांची आई, वय 43. तिला फिट्स यायच्या आणि डोकं दुखायचं. तेव्हा सीटी स्कॅन नाही, एमआरआय नाही. पेनफील्डनी ऑफ्थाल्मोस्कोप घेऊन तिच्या डोळ्यात पाहिलं. कवटी हाडाची, ती काही ताणली जात नाही. आत गाठ वाढली की दाब डोळ्यामागच्या नसेपर्यंत पोचतो आणि ती नस सुजलेली दिसते. रूथची सुजलेली होती. भावाला काय समजायचं ते समजलं.

घरच्या माणसावर सर्जन सहसा स्वतः सुरी चालवत नाहीत. पेनफील्डनी चालवली. नाताळ तोंडावर आलेला, आणि रूथ टेबलावर जागी होती. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे डोक्याची कातडी बधिर केली की काम भागतं. पेशंट जागा असला की हातपाय हलतात का, बोलणं नीट आहे का, हे त्याच क्षणी कळतं. गाठ उजव्या फ्रंटल लोबमध्ये होती, म्हणजे कपाळामागे. ती काढताना त्या लोबचा बराचसा भागही काढावा लागला. रक्तस्राव भयंकर झाला. तरीही गाठीचा खोलवर गेलेला भाग आत राहिलाच. आणि ती गाठ कुठल्या पेशींची निघाली? ऑलिगोडेंड्रोग्लियाची! माद्रिदमध्ये भिंगाखाली पाहिलेल्या त्याच.

रूथ बरी झाली. बोलणं तेच, आठवणी शाबूत, स्वभाव पूर्वीसारखाच प्रेमळ. ती घरी मुलांमध्ये परतली. मेंदूचा एवढा मोठा तुकडा गेला आणि माणूस जसाच्या तसा! कुणालाही वाटलं असतं की कपाळामागचा तो भाग बहुतेक बिनकामाचाच असावा.

साधारण 15 महिन्यांनी पेनफील्ड तिच्याकडे जेवायला गेले. पाहुणा एक आणि घरचे चौघे, बेत साधाच. हातात अख्खा दिवस होता. जेवायची वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरातच होती. सामान सगळं मांडलेलं, एक-दोन पदार्थ चुलीवर. पण सॅलड तयार नाही, मांसाला हातही लागलेला नाही, आणि ती गोंधळून, दमून, रडवेली झालेली. प्रत्येक पदार्थ करता येत होता तिला. आधी काय, मग काय, कशासोबत काय, हे एकटीने ठरवणं जमत नव्हतं. शेजारी कुणी उभं राहून सांगितलं असतं तर जेवण झटक्यात झालं असतं.

(घरात रोजचा स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा, डोकं सगळ्यात जास्त लागतं ते या ठरवण्यातच.)

गाठ पुन्हा वाढली. बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं, पण 1931 मध्ये रूथ गेली. सर्जन, मेंदूच्या आजारांचे डॉक्टर आणि मायक्रोस्कोपवाले एकाच छताखाली हवेत, हा ध्यास पेनफील्डनी मग सोडला नाही. रॉकफेलर फाउंडेशनने 12 लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली आणि 1934 मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. तिथेच त्यांचं पुढचं मोठं काम झालं. उघड्या मेंदूला सौम्य करंट द्यायचा, हाताचं बोट हललं की त्या जागेवर आकड्याची बारकी चिठ्ठी ठेवायची, आणि असा नकाशा बनला की मगच कापायचं. मोठे ओठ आणि मोठे हात असलेला तो विचित्र बाहुला तुम्ही पुस्तकात पाहिला असेल, तो याच नकाशांतून आला. 1976 साली पेनफील्ड वारले.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम 1935 चं. सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी बहिणीचं ऑपरेशन यशस्वी म्हणून मिरवलं नाही. त्या फसलेल्या जेवणाचं तपशीलवार वर्णन छापलं. कागदावरच्या बुद्धिमापन चाचणीत जे सापडत नाही ते स्वयंपाकघरात सापडतं, हे त्यामुळे नोंदवलं गेलं. या क्षमतेला आज एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. 1991 साली लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस यांनी तर पेशंटना यादी देऊन खऱ्या बाजारात खरेदीला पाठवलं. बुद्धिमापन चाचणीत चांगले गुण मिळवणारे पेशंट तिथे गडबडले, अगदी रूथसारखेच.