देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि मूळ अवयव



मूळ अवयव पाडायला मुलं लवकर शिकतात. पण ते पाडून करायचं काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. याचं एक छान उत्तर आपल्यासारख्याच एका शाळामास्तरांच्या कामात सापडतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं. शिक्षण ठाण्यात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झालं. १९२७ साली त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी घेतली, त्यापुढची पदवी मात्र नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं.

शाळा सुटली की गुरुजी आकड्यांत रमायचे. बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटायचा. तरी ते थांबले नाहीत, स्वतःच पुस्तिका छापत राहिले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ही संख्या जगापुढे ठेवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच!

आता हिचे मूळ अवयव पाडू: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८, म्हणजे २ × ३ × ३. हे तिन्ही अवयव वरच्या यादीत आहेत, म्हणून १८ ने नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना गुरुजींनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी.

आमच्या गोंदियातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत गोंडी बांधवांचा ७५० हा मानाचा आकडा मुलं पाहतात. वर्गात तोच घ्या. ७५० = २ × ३ × ५ × ५ × ५. अंकांची बेरीज १२, म्हणजे २ × २ × ३. यात २ दोनदा हवा, ७५० मध्ये तो एकदाच आहे. म्हणजे ७५० हर्षद नाही; भागाकार न करताच कळलं! पण पुढे शून्य लावून ०७५० वर गुरुजींची वजाबाकी करून बघा: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पाचव्या पायरीला पोहोचलो.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात गुरुजींबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

वहीच्या मागच्या पानावर आकडे खेळवणारं एखादं पोर तुमच्याही वर्गात किंवा घरात असेल. त्याला रागावण्याआधी ते पान एकदा नीट बघा.