कोतवाल उद्यानातले कोतवाल

प्रतिनिधी, मुंबई

दादर पश्चिमेला वीर कोतवाल उद्यान कुठे आहे, हे कुणाला विचारावे लागत नाही. प्लाझासमोरची ही हिरवळ म्हणजे अर्ध्या मुंबईची भेटण्याची खूण. बसथांब्याला तेच नाव, वाहकाच्या तोंडी तेच नाव. भाजीबाजारातून आलेली गृहिणी पिशव्या टेकवून इथे घटकाभर विसावते, दुपारी पेन्शनरांची मैफल जमते, संध्याकाळी कुणी कुणाची वाट पाहत उभे असते. मात्र हे कोतवाल कोण, असे विचारले तर बहुतेक जण गोंधळतात. कुणाला ते जुन्या काळचे पोलीस अधिकारी वाटतात, तर कुणाला एखादे नगरसेवक.

प्रत्यक्षात हे नाव आले आहे ते डोंगरातून. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात भाई कोतवाल, हे माथेरानचे. १ डिसेंबर १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. अवघे तीस वर्षांचे आयुष्य. त्यातले अखेरचे काही महिने त्यांनी मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडण्यात घालवले. ज्या शहराचे दिवे त्यांनी विझवले, त्याच शहराने पुढे आपल्या गजबजलेल्या चौकातील बागेला त्यांचे नाव दिले.

माथ्यावरचे रान

भाईंचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी माथेरान समजून घ्यावे लागते. उन्हाळा सोसवेना म्हणून इंग्रजांनी हिमालयात शिमला, मसुरी वसवली. मुंबईच्या साहेबांना मात्र हिमालय दूर होता. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावातून या डोंगरावर चढले आणि मुंबईकरांना हाकेच्या अंतरावरचे थंड हवेचे ठिकाण मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंची, गर्द झाडी, तांबडी माती आणि चहूकडे तुटलेले कडे. आरंभी पाहुणे पालखीतून आणि घोड्यावरून येत. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून आणि जिद्दीतून नेरळहून झुकझुक गाडी वर आली आणि गावाची वर्दळ वाढली.

या गावात दोन माथेराने नांदत होती. एक साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे. त्यातल्या टोकांना, तलावाला इंग्रजी नावे होती: लुइझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शारलोट तलाव. दुसरे माथेरान हमालांचे, घोडेवाल्यांचे, रिक्षा ओढणाऱ्यांचे, न्हाव्यांचे, दुकानदारांचे आणि पायथ्याच्या वाड्यांतून डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या ठाकर, कातकरी आणि धनगरांचे. त्याच शारलोट तलावाकाठी ग्रामदैवत पिसारनाथ आहे. वन ट्री हिलजवळच्या अवघड वाटेला लोक शिवाजीची शिडी म्हणतात आणि महाराज त्या वाटेने वर येत असत, अशी आख्यायिका सांगतात. गावाच्या नावाच्याही दोन व्युत्पत्ती आहेत. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, हे सर्वांना पटते. काही जण मात्र मातेचे रान असा अर्थ लावतात. पावसाळ्यात पाहुणे पांगले, की धुक्यात बुडालेल्या या गावात अशा कथांचाच सहवास उरे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वाघालाही देव मानून पुजतात. माणूस आणि जंगल यांच्यातला तो जुना करार आहे.

भाईंचा जन्म या दुसऱ्या माथेरानात, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. हंगाम असेल तेव्हा चार पैसे आणि पाऊस लागला की उधारी, हे अशा घरांचे अर्थशास्त्र. शिक्षणासाठी ते पुण्याला गेले, पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन वकील झाले. गरिबाघरचा वकील झालेला मुलगा त्या काळी सहसा शहरात राही. भाई डोंगराकडे परतले. माथेरान नगरपालिकेत ते निवडून गेले आणि उपनगराध्यक्षही झाले. ज्या गावात त्यांच्या बिरादरीने पाहुण्यांची सेवा करावी एवढीच अपेक्षा होती, त्या गावाच्या कारभारात त्यांना स्थान मिळाले होते.

धान्यकोठी आणि शाळा

तेवढ्यावर थांबले असते, तर भाई कोतवाल हे एक कर्तबगार स्थानिक पुढारी म्हणून ओळखले गेले असते. पण त्यांचे लक्ष वरच्या बंगल्यांपेक्षा पायथ्याच्या वाड्यांकडे अधिक होते. कर्जत आणि मुरबाडच्या पट्ट्यातला शेतकरी सावकाराच्या आणि जमीनदाराच्या कचाट्यात होता. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातले धान्य संपायचे, मग सावकाराकडून दाणे उचलायचे आणि सुगीला त्याची दामदुपटीने परतफेड करायची. खावटीचे हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत होते.

भाईंनी यावर उपाय काढला तो धान्यकोठीचा. सुगीच्या दिवसांत प्रत्येकाने थोडे धान्य कोठीत ठेवायचे आणि अडचणीच्या दिवसांत गरजूने ते न्यायचे. कल्पना साधी होती, पण तिने सावकाराच्या नाडीवरच बोट ठेवले. जोडीला त्यांनी शेतमजुरांच्या मुलांसाठी ठिकठिकाणी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या आणि गोरगरिबांची बाजू घेऊन आपली वकिली खर्ची घातली.

पुढे घडले त्याचे बीज या कामात आहे. धान्यकोठीच्या निमित्ताने भाईंचे गावोगावी जाणे झाले. कोणती पायवाट कुठे निघते, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, कोणत्या घरी रात्री-अपरात्री भाकरी मिळेल आणि कोणता माणूस तोंड उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक झाले. शाळांतले शिक्षक त्यांचे सहकारी बनले.

अकरा मनोरे

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने छोडो भारतचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गांधीजींसह सारे बडे नेते गजाआड झाले. लढा लोकांच्या हाती आला आणि ज्याला जे सुचले, ते त्याने केले. गिरगाव-चौपाटीच्या परिसरात जागा बदलत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. त्याच महिन्यांत माथेरानच्या पायथ्याशी भाईंचा आझाद दस्ता उभा राहिला. त्यात सुमारे पन्नास जण होते. शेतकरी होते, शाळांचे शिक्षक होते. माणिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचे तरुण पुत्र हिराजी हे बापलेकही त्यात होते.

या दस्त्याने लक्ष्य निवडले ते विजेचे मनोरे. त्यामागचा हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईला मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस धरणांत अडवायचा, तो नळांतून पायथ्याशी सोडून जनित्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला न्यायची, अशी ही योजना. परळ-लालबागच्या गिरण्यांची चक्रे त्या विजेवर फिरत, लोहमार्गावरच्या गाड्या धावत. महायुद्धाच्या काळात हेच कारखाने आणि हीच रेल्वे इंग्रज सरकारला हवी होती.

तारा मात्र जात होत्या त्या अंधारात राहणाऱ्या वाड्यांवरून. पाऊस डोंगराचा, पाणी डोंगराचे आणि दिवे शहराचे. घरात चिमणीच्या उजेडात बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून लखलखत्या मुंबईची वीज रोज वाहत होती.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत आझाद दस्त्याने असे ११ मनोरे पाडले. रात्री जंगलवाटेने जायचे, मनोऱ्याच्या लोखंडी पायांना करवत लावायची, तो कोसळला की उजाडण्यापूर्वी रानात दिसेनासे व्हायचे. मुंबईतले उद्योग आणि रेल्वे यांना याचा जबर फटका बसला. शोध घेणाऱ्या पोलिसांकडे बंदुका होत्या, पण वाटा ठाऊक नव्हत्या. भाईंना त्या ठाऊक होत्या.

या कृतीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. गिरणी थांबली की मालकाबरोबर मजुराचीही झीज होते. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या परळ-लालबागच्या कामगारासाठी बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. गिरणी कामगारांत मोठे वजन असलेल्या कम्युनिस्टांनी तर या आंदोलनापासून स्वतःला दूर ठेवले होते. तेव्हा डोंगरातला गरीब आणि गिरणगावातला गरीब एकाच बाजूला उभे होते, असे सरसकट म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. गरिबांसाठी कोठी उभारणाऱ्या माणसाने हा घाव घातला तो सत्तेच्या यंत्रावर.

सिद्धगडची पहाट

सरकारने भाईंच्या मागे मोठा ससेमिरा लावला. दस्ता डोंगरात आणखी आत, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या अरण्यात सरकला. गड उंच, रान दाट आणि वस्ती विरळ. ठिकाण सुरक्षित होते, पण फितुरीपुढे कोणताही गड टिकत नाही, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव पुन्हा खरा ठरला. दस्त्याचा ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोहोचला.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या इंग्रज अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील पोलिसांनी तळाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील कोसळले. भाईही जखमी झाले आणि त्यानंतर त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. गोमाजी पाटलांना तरुण मुलाचे जाणे पाहावे लागले. ज्या वर्षाच्या आरंभी आझाद दस्त्याचा असा अंत झाला, त्याच वर्षी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आकाराला आले. त्याची कीर्ती सर्वदूर पोहोचली, आझाद दस्त्याची मात्र कर्जत, मुरबाड आणि माथेरानच्या पलीकडे फारशी गेली नाही.

त्या पट्ट्यात मात्र भाई कोतवाल विस्मृतीत गेलेले नाहीत. दरवर्षी नव्या वर्षाचा पहिला दिवस मावळला, की माणसे सिद्धगडाच्या वाटेला लागतात आणि २ जानेवारीच्या पहाटे हुतात्म्यांना मानवंदना देतात. ज्या डोंगरात शिवाजीच्या शिडीच्या आणि वाघदेवाच्या कथा सांगितल्या गेल्या, त्यांतच आता या दोघांचीही कथा मिसळली आहे. मुंबईतला पर्यटक वर्षअखेर साजरी करून माथेरानहून उतरत असतो, तेव्हा पलीकडच्या डोंगरात कडाक्याच्या थंडीत मशाली पेटत असतात.

लोककथेचा एक दोष मात्र असा, की ती एका वीराभोवती फिरते आणि बाकीचे अंधारात राहतात. भाईंसोबत पन्नास माणसे होती. त्यांना भाकरी देणारी घरे होती, शिकवणे सोडून करवत हाती घेणारे शिक्षक होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही चौकाला नाहीत.

भाई ज्या माथेरानात वाढले, तिथला कष्टकऱ्याचा प्रश्नही फार उशिरा ऐरणीवर आला. वाहनांना बंदी असल्याने माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा तिथे शतकभराहून अधिक काळ चालली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. भाईंच्या मृत्यूला तेव्हा ८२ वर्षे उलटून गेली होती.

दादरला संध्याकाळ झाली, की कोतवाल उद्यानाभोवतीचे दिवे लागतात. दुकाने उजळतात, फेरीवाल्यांचे बल्ब पेटतात, गर्दी स्थानकाकडे वाहू लागते. त्या झगमगाटात पाटीवरचे नाव कुणी थांबून वाचत नाही. पुढच्या खेपेला तिथे कुणाची वाट पाहायची वेळ आली, तर क्षणभर ते वाचावे आणि ज्या डोंगरांच्या पाण्यावर या शहराचे दिवे उजळले, त्या डोंगरातल्या माणसांची आठवण ठेवावी.