थॉमस लुईस

सर थॉमस लुईस (२६ डिसेंबर, १८८१ – १७ मार्च, १९४५) हे वेल्समध्ये जन्मलेले ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ व संशोधक होते. ईसीजीचा रुग्णांच्या तपासणीत वापर रूढ करणाऱ्या आद्य वैद्यकांत त्यांची गणना होते. इजा झालेली त्वचा स्वतःच एक रासायनिक द्रव्य सोडते व त्यातून दाह सुरू होतो, ही कल्पना प्रयोगांच्या आधारे मांडण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

जीवन

लुईस यांचा जन्म कार्डिफजवळील टॅफ्स वेल येथे झाला. त्यांचे वडील खाण अभियंता होते. कार्डिफमध्ये आरंभीचे शिक्षण घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये आले आणि त्यांची पुढील कारकीर्द तेथेच घडली. १९०९ साली जेम्स मॅकेन्झी यांच्यासह त्यांनी 'हार्ट' हे नियतकालिक सुरू केले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९२१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

त्वचेवरील संशोधन

१९२० च्या दशकात लुईस हृदयाकडून त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडे वळले. त्यासाठी लागणारी साधने अगदी साधी होती. बोथट वस्तूने त्वचेवर जोराने रेघ ओढली, की प्रथम रेघेच्या जागी लाली येते, मग ती लाली आजूबाजूला पसरते आणि काही मिनिटांत रेघेवर गांध उठते. हा क्रम 'त्रिविध प्रतिक्रिया' या नावाने वैद्यकात रुळला. भोवतालची लाली चेतातंतूंमार्फत पसरते, हेही त्यांनी दाखवले: चेता तोडल्यानंतर काही दिवस ती उमटत राहते, पण तंतूंचा ऱ्हास झाला की थांबते.

ओरखडा, उष्णता, विजेचा धक्का अशा निरनिराळ्या कारणांनी प्रतिक्रिया मात्र एकच उमटते. त्वचेत हिस्टामाइन टोचले तरीही तीच. हे द्रव्य हिस्टामाइनच आहे असे जाहीर करण्याचा मोह स्वाभाविक होता. लुईस यांनी तो टाळला. पुरावा साधर्म्याचा आहे, ओळख पटल्याचा नव्हे, म्हणून त्यांनी त्याला 'एच-द्रव्य' एवढेच म्हटले. १९२७ साली त्यांनी मानवी त्वचेच्या रक्तवाहिन्यांवरील ग्रंथात हे काम एकत्र मांडले.

शरीरातील हिस्टामाइनचा मोठा साठा मास्ट पेशींत असतो, हे १९५३ मध्ये रायली व वेस्ट यांनी दाखवले. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरील एच-१ ग्राहींना जोडले जाते, पेशींच्या आत कॅल्शियम वाढते, पेशींमधील फटी रुंदावतात व रक्तद्रव बाहेर झिरपून गांध येते. भोवतालच्या लालीत मात्र चेतातंतूंच्या टोकांतून सुटणाऱ्या पेप्टाइडांचाही वाटा असल्याचे पुढे आढळले. दाह एकट्या हिस्टामाइनचा खेळ नाही, त्यामुळे लुईस यांची सावधगिरी रास्तच होती.

अखेरची वर्षे

वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यावर लुईस यांनी धूम्रपान सोडले. धूम्रपानाने रक्तवाहिन्यांना अपाय होतो हे लवकर ओळखणाऱ्यांपैकी ते एक होते. १९३३ मध्ये 'हार्ट'चे नाव 'क्लिनिकल सायन्स' झाले आणि १९४१ मध्ये त्यांना कोपली पदक मिळाले. हृदयविकारानेच हर्टफर्डशरमधील लाउडवॉटर येथील घरी त्यांचे निधन झाले.