गोदावरीचा सेवक : सर आर्थर कॉटन

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड असा प्रवास करीत आपल्या महाराष्ट्राचा निरोप घेते आणि पुढे आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला मिळते. उगमाजवळच्या गोदावरीशी आपला परिचय आहे. मुखाजवळच्या गोदावरीची कथा मात्र आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली नसेल. त्या कथेचे नायक आहेत सर आर्थर कॉटन. व्यवसायाने अभियंता, वृत्तीने मोकळ्या माळरानाचा आणि नदीकाठाचा माणूस, घरी प्रेमळ पिता आणि अंतःकरणाने श्रद्धावान ख्रिस्ती. प्रभूने त्यांना ९६ वर्षांचे दीर्घायुष्य दिले व त्यांनी ते अखेरपर्यंत कामी लावले.

आर्थर यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये एका मोठ्या कुटुंबात झाला. हेन्री कॅल्व्हली कॉटन यांच्या अकरा पुत्रांपैकी ते दहावे. वयाच्या पंधराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिसकोम्ब येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले आणि १८२१ साली, अठराव्या वर्षी, मद्रासच्या अभियंता दलात रुजू होण्यासाठी भारतात आले. आरंभीच्या वर्षांत त्यांनी रामेश्वरजवळच्या पांबन खाडीची पाहणी केली, ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धातही सेवा बजावली. परंतु त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली ती कावेरीच्या काठी.

कावेरीचे पाणी त्या काळी कोल्लीडम या तिच्या खोल शाखेकडे ओढले जात होते आणि तंजावरच्या भातशेतीला ते पुरेनासे झाले होते. कॉटन यांनी तेथे प्राचीन चोल राजवटीत बांधला गेलेला कल्लणै बंधारा बारकाईने अभ्यासला. खालचा खडक लागत नसताना नुसत्या वाळूच्या पात्रात एवढे बांधकाम उभे राहिले कसे? जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी वाळूत मोठमोठे दगड टाकले होते. ते आपल्या भाराने खाली जाऊन स्थिरावले की त्यांवर पुढचे थर रचले जात. वाळूत पाया घालण्याची ही विद्या आपण या अज्ञात भारतीय कारागिरांकडून शिकलो, हे कॉटन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. राज्यकर्त्यांच्या जातीतील एका अधिकाऱ्याने त्या काळात असे म्हणावे, यातच त्यांची नम्रता दिसते. या ज्ञानाच्या बळावर १८३६ च्या सुमारास त्यांनी कोल्लीडमवर बंधारे उभारले आणि तंजावरच्या शेतीला पुन्हा पाणी मिळाले.

याच दशकात आंध्र किनाऱ्यावर भीषण दुष्काळ पडला होता. १८३२-३३ मध्ये एकट्या गुंटूर भागात सुमारे पाच लाख लोकांपैकी दोन लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. शेजारून कृष्णा आणि गोदावरी या दोन महानद्या समुद्राकडे वाहत होत्या आणि काठावरची माणसे अन्नावाचून मरत होती. हा विरोधाभास कॉटन यांना सहन होईना. दुष्काळ ही दैवाची इच्छा म्हणून हात जोडून बसणे त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते.

१८४४ च्या सुमारास त्यांनी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची पाहणी केली. ऊन, पाऊस, ताप यांची तमा न बाळगता घोड्यावरून आणि पायी हिंडून त्यांनी जमिनीचा चढउतार पारखला. नकाशावर बसून नदी समजत नाही, ती तिच्या काठी राहूनच समजते, अशी त्यांच्या कामाची रीत होती. १८४७ मध्ये दवळेश्वरम येथे बंधाऱ्याचे काम सुरू झाले. बेटांमुळे विभागलेल्या नदीपात्रात चार भागांत मिळून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे हे बांधकाम. जवळच्याच टेकडीचा दगड त्यासाठी वापरला गेला. हजारो मजूर राबले. वीणम वीरण्णा या स्थानिक सहकाऱ्याने मजुरांना एकत्र आणून त्यांची व्यवस्था पाहिली. त्यांच्याविना हे काम तडीस जाणे कठीण होते. मध्यंतरी कॉटन यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना रजेवर जावे लागले. तेव्हा कॅप्टन ऑर यांनी जबाबदारी सांभाळली. १८५२ मध्ये बंधारा पूर्ण झाला. पुढे लाखो एकर जमीन भिजू लागली आणि उपासमारीचा हा प्रदेश दक्षिणेचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जाऊ लागला. अर्थात कंपनी सरकारला यातून वाढीव महसूल हवा होता, हेही विसरता येणार नाही. तरीही शेतकऱ्याच्या घरात धान्य आले, हे सत्य उरतेच.

या धकाधकीत त्यांचे घर मागे पडले नाही. प्रकृतीसाठी ऑस्ट्रेलियाकडे गेले असता १८४१ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ लर्मंथ यांच्याशी झाला आणि पुढच्याच वर्षी कन्या एलिझाबेथचा जन्म झाला. हीच कन्या पुढे लेडी होप म्हणून प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील डॉर्किंग गावी बापलेकींनी मद्यपानाच्या आहारी गेलेल्या कष्टकऱ्यांमध्ये सेवाकार्य केले. पित्याच्या निधनानंतर १९०० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले तेही तिनेच. आईवडिलांनी दिलेला विश्वास मुलांमध्ये कसा रुजतो, याचे हे उदाहरण आहे.

१८६० मध्ये कॉटन भारतातून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पण ते स्वस्थ बसले नाहीत. रेल्वेवर अफाट पैसा खर्च होतो, त्याऐवजी कालवे काढावेत, त्यांतून शेतीला पाणी मिळेल व होड्यांनी स्वस्तात मालही जाईल, असा त्यांचा आग्रह होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. मात्र १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या काही कालवा योजना, विशेषतः कर्नूल-कडप्पा कालवा, आर्थिकदृष्ट्या फसल्या. म्हणून त्यांचे प्रत्येक मत बरोबर होते असे म्हणता येत नाही. मात्र अपयशाने ते कडवट झाले नाहीत. डॉर्किंगच्या घराजवळ ते जमीन खोल खणून गव्हाचे पीक वाढविण्याचे प्रयोग करीत राहिले आणि उतारवयातही तीनचाकी सायकलवरून फेरफटका मारीत. २४ जुलै १८९९ रोजी त्यांनी देह ठेवला.

गोदावरी काठच्या लोकांनी त्यांना कॉटन दोरा, म्हणजे कॉटनसाहेब, या नावाने हृदयात जपले आहे. गावोगावी त्यांचे पुतळे आहेत. १५ मे रोजी शेतकरी त्यांना हार घालतात, आणि ते करणारे बहुतांश हिंदू बांधव आहेत. जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९८० च्या दशकात नवे बांधकाम पूर्ण झाले, त्यालाही त्यांचेच नाव आहे.

तहानलेल्याला पाणी द्यावे ही शिकवण आपण बालपणापासून ऐकतो. कॉटन यांनी ती एका पेल्यापुरती मानली नाही, एका संपूर्ण प्रदेशापर्यंत नेली. आपल्या हाती महानदी नसेल, पण गावची विहीर, ओढा, शेततळे आहेच. त्याची काळजी घेणे ही देखील प्रार्थनाच आहे.